राक्षसाच्या कातडीचा रंग

थिनरचा वास आला की मला आधी मळमळतं आणि मग तो गाळा आठवतो. हा क्रम इतक्या वर्षांत बदललेला नाही. घराला रंग काढायचा असला की मी चार दिवस बहिणीकडे जाऊन राहते. मला दम्याचा त्रास आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि मी ते तसंच वाटू देते.

गाळा भांडुपला होता, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर. ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. वडिलांची गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि ते दिवसभर घरात बसून पंख्याकडे बघत असायचे. मी बारावी झाले होते. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, तेवढंच काय ते भांडवल. इस्टेटच्या गेटवर ‘चित्रकला येणाऱ्या मुली पाहिजेत’ असा पुठ्ठा लटकत होता. मला वाटलं, साड्यांवर फुलं काढायची असतील. वर गेले तर लांबलचक टेबलावर राक्षस उभे.

अंगठ्याएवढे होते, धातूचे, करडे. राक्षसांच्या पलीकडे राजे, राण्या, तलवारवाले, दाढीवाले जादूगार, वाकड्या नाकाच्या चेटकिणी. परदेशात चांगली मिशा फुटलेली माणसं ही बाहुली टेबलावर मांडून तासन्‌तास लढाया खेळतात, असं मालक सांगायचे. आम्हाला ती थाप वाटायची. आमचं काम ती रंगवून, कापसात गुंडाळून खोक्यात भरायचं.

काम नाजूक होतं, जागा मात्र घाण. टेबलाच्या मध्यावर थिनरचा डबा, त्यात सगळ्यांचे ब्रश बुचकळलेले, वर रंगाची साय धरलेली. बिघडलेली बाहुलीही त्याच डब्यात जायची, रंग सुटून पुन्हा कोरी व्हायला. पुसायच्या चिंध्या कुणाच्या तरी जुन्या परकराच्या, कडक झालेल्या. आणि ब्रशला टोक काढायचं तर तो तोंडात घालून ओठांनी ओढायचा, ही गाळ्याची रीत. आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांच्या खालच्या ओठावर कायमची तपकिरी रेघ होती. पहिल्या दिवशी ते बघून मी जेवणाचा डबा न उघडता घरी नेला. महिन्याभरात मीही ब्रश चोखायला लागले. आई ताट वाढताना नाक मुरडायची. ‘ह्यो वास खंयसून येता गो?’ म्हणायची. मी हात पुन्हा धुवायची, वास जायचा नाही.

मास्तर पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि मोठमोठे बोर्ड रंगवायचे. आयुष्यभर शिडीवर उभं राहून हातभर नाकं काढली, आता तांदळाएवढी नाकं काढत होते, आणि त्याचा राग त्यांनी कधी लपवला नाही. पण शिकवायचे जीव तोडून. त्यांनीच आम्हाला वॉश शिकवला. बाहुलीच्या अंगाला आधी एक सपाट रंग द्यायचा आणि तो कडकडीत वाळू द्यायचा. मग गडद रंगात भरपूर थिनर घालून त्याचं पाणी करायचं आणि ते ब्रशने नुसतं सोडायचं. ते आपोआप बोटांच्या फटींत, बरगड्यांच्या मध्ये, नाकपुडीच्या कडेला जाऊन बसतं. उंचवट्यांवरचं चिंधीने टिपलं की सपाट बाहुलीला एकदम स्नायू येतात. ‘रंग लावू नका गं, रंग सोडा,’ मास्तर खेकसायचे. ‘त्याला कळतं कुठं जायचं ते. तुम्ही फक्त वेळेवर पुसा.’

अंगाच्या रंगाच्या दोन बाटल्या होत्या. त्यांवर चिकटपट्टी लावून मालकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. एकीवर ‘माणूस’, दुसरीवर ‘राक्षस’. ‘माणूस’ म्हणजे फिकट गुलाबी. टेबलाभोवती आम्ही नऊ जणी बसायचो, त्यातल्या एकीच्याही अंगाचा तो रंग नव्हता. ‘राक्षस’ म्हणजे तपकिरी. बाहेरून नमुना तसा आला होता, आम्ही तसं करत होतो. त्या चिकटपट्ट्या वाचून कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची ती कांजूरमार्गची. माझ्याच वयाची, पण माझ्याआधी वर्षभर तिथे असलेली. तिचं घर मूळचं जालन्याकडचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेलं. रंगाने ती काळी, म्हणजे आमच्याकडे मुलीला काळी म्हणताना आवाज जसा खाली जातो तशी काळी. तिच्याइतका हात गाळ्यात कुणाचाच नव्हता. तिने सोडलेला वॉश बघायला मास्तर भिंग घेऊन यायचे आणि काही न बोलता परत जायचे. त्यांच्याकडून ती मोठी शाबासकी होती. दुपारी ती डबा उघडून माझ्याकडे सरकवायची, ‘घे ना गं.’ मी पोट बिघडल्याचं सांगायची. माझं पोट दीड वर्षं बिघडलेलं होतं. तिने एकदाही विचारलं नाही.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती. चेहरे. आम्ही बायका पाय, हात, बूट, पट्टे करायचो. चेहरे फक्त मास्तर करायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून. ‘दोन वर्षं झाली यार,’ ती म्हणायची, ‘माझ्या हातून एक डोळा झालेला नाही. नुसते पाय. चेहरा नाही केला तर आपण काय केलं?’ मास्तरांना मोतीबिंदू झाला होता आणि दिवाळीनंतर ते गावी जाणार होते. मग ती खुर्ची कुणाला, हे आमच्या टेबलावर रोजचं बोलणं होतं. खुर्ची मिळेल तिला चेहरे मिळणार, आणि बाकीच्यांचं काम तपासायचं तेही तिनेच.

मलाही ती खुर्ची हवी होती. चेहऱ्यांसाठी नाही. ती खिडकीजवळ होती आणि थिनरच्या डब्यापासून लांब होती.

मास्तर जायच्या आधी महिनाभर, पाठवलेल्या मालातले राक्षस परत आले. कातडं खरं वाटत नाही, बुटाला पॉलिश केल्यासारखं वाटतं, असं बाहेरच्या पार्टीचं म्हणणं. मालकांनी खोकं टेबलावर उपडं केलं. ‘वाट लागली आपली,’ ते म्हणाले. ‘जी खरं कातडं काढून दाखवेल ती मास्तरांच्या खुर्चीत बसेल. संपला विषय.’

त्या दुपारी तिने जेवण अर्धं ठेवलं आणि स्वतःचा हात माझ्यासमोर टेबलावर पसरला.

‘कातडं एका रंगाचं असतं कुठे?’ ती म्हणाली. ‘हे बघ. पेरांवर काळं आहे, पण आतून लाल मारतं. नखाच्या मुळाशी जांभळट. इथे कडेला, तळवा सुरू होतो तिथे, गव्हासारखं. एका वॉशने हे होणारच नाही. तीन पाहिजेत. आधी विटकरी. मग जांभळट, तो फक्त खाचांत. आणि शेवटी पिवळा, एकदम पाणी करून, सगळ्यावरून.’

मी दोन वर्षांच्या पोरीसारखी तिच्या हाताकडे बघत बसले. रोज बाजूला असलेला हात मी कधी बघितलाच नव्हता. तिने मला सगळं सांगितलं, एकही गोष्ट राखून ठेवली नाही. नुसतं सांगितलं नाही, तर म्हणाली, ‘तू कालव, मी बघते. माझ्या हातावर माझ्याच हाताने काय बघणार?’

कारण नवा रंग कालवला की हाताच्या पालथ्या बाजूवर टिपका देऊन बघायचा, ही आमची पद्धत होती. पुठ्ठ्यावर रंग खोटा बोलतो, असं मास्तर म्हणायचे. टिपका दिला, बघितला, की थिनरच्या चिंधीने पुसायचा. चुरचुरायचं, पण पुढचा टिपका द्यायला जागा लागायची.

तीन दिवस आम्ही कालवत होतो. चौथ्या दिवशी मी राक्षसावर तिसरा वॉश चढवला, तसाच तिन्हींचा टिपका तिच्या हातावर दिला आणि तो टिपका दिसेना. मी तिचा हात खिडकीकडे वळवला, तिरका धरला, बोटाने चाचपला. ओल होती, रंग नव्हता. तिच्या कातडीत तो मिसळून गेला होता.

‘सापडला!’ मी ओरडले. ‘सापडला गं राक्षस!’

टेबलावर हशा पिकला. मोठा, मोकळा, कुणाचं वाईट न चिंतणारा हशा. तीही हसली, पण सगळ्यांच्या नंतर. तिचा हात अजून माझ्या हातात होता. तिच्या डब्यातली भाकरी घ्यायला माझा हात कधी पुढे झाला नव्हता. हा हात मात्र मी तीन दिवस पुठ्ठ्यासारखा वापरत होते, आणि त्याची मला जराही किळस वाटली नव्हती.

हसणं ऐकून मालक आले. त्यांनी तिचं मनगट उचललं, शेजारी रंगवलेला राक्षस धरला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. ‘झकास,’ ते म्हणाले. ‘एकदम सेम टू सेम. कोणी केला?’

ती माझ्याकडे बघत होती. मी ‘दोघींनी’ म्हणेन याची तिला खात्री होती, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते.

‘मी,’ मी म्हणाले.

तो एक शब्द होता. त्यानंतर ‘म्हणजे हिने सांगितलं’ असं जोडायला भरपूर वेळ होता, मालक चांगले मिनिटभर राक्षस फिरवून बघत होते. मी नाही जोडलं. मास्तर भिंग घेऊन आले, राक्षस बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि तोंडातला ब्रश काढून जमिनीवर थुंकले. रंग गेला असेल तोंडात, असं मी स्वतःला सांगितलं.

दिवाळीनंतर मी खिडकीत बसले. घरी आईने पेढे आणले. आमच्या घराण्यात मी उजळ म्हणून नावाजलेली होते. दर रविवारी डाळीचं पीठ आणि साय लावून आई तो उजळपणा टिकवायची, आणि आता त्या उजळ पोरीला खुर्चीही मिळाली म्हणून वाडीत सांगत फिरली. मास्तरांनी जाताना त्यांचे बारीक ब्रश मला दिले नाहीत. ते त्यांनी तिच्या स्टुलावर ठेवले.

राक्षसांचा माल वाढला. दर वेळी नवी बाटली कालवावी लागायची आणि दर वेळी ती ताडून बघावी लागायची, आणि त्यासाठी गाळ्यात एकच ठरलेली जागा होती. ‘हात दे गं,’ मी खुर्चीतून म्हणायची. ती पाय रंगवायचं थांबवून यायची, हात द्यायची. टिपका, थिनरची चिंधी, टिपका, थिनरची चिंधी. मालकांना स्वतः खात्री करून घ्यायची हौस, तेही दिवसातून दोनदा तिचं मनगट उचलायचे, भाजीवाल्याकडचं वांगं उचलावं तसं. बाहेरची पार्टी खूश होती. कातडं एकदम खरं आहे, असं त्यांनी कळवलं होतं.

थिनरने तिचा हात गेला. आधी कोरडा पडला, मग पांढुरका, मग पेरांवर भेगा पडल्या आणि त्यातून लस यायला लागली. चिंधी लागली की ती दात आवळायची. मला ते बघवेना. म्हणून मी काय केलं, तर चिंधी तिच्याच हातात द्यायला लागले, तूच पूस म्हणून. शेवटी एके दिवशी मालकांनी तो हात उलटसुलट करून बघितला आणि नापसंतीने खाली ठेवला. ‘खराब झाला हा,’ ते मला म्हणाले. तिला नाही, मला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गॅलरीत गेल्या तेव्हा ती माझ्या खुर्चीजवळ आली. मुठीत काहीतरी होतं. तिने ते माझ्यासमोर ठेवलं. तलवार घेतलेली राणी होती ती, ‘माणूस’वाल्यांतली. पण तिचं अंग गुलाबी नव्हतं. ते सावळं होतं, गव्हाळ आणि सावळ्याच्या मधलं, कोपरावर थोडं गडद, गळ्याच्या खाचेत जांभळट, गालांवर आतून रक्त असल्यासारखं. धातूची बाहुली आहे हे विसरायला व्हावं असं अंग मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

‘हे काय?’ मी म्हणाले. ‘राक्षसाचा वॉश मारलास हिला?’

‘राक्षसाचा नाही,’ ती म्हणाली. ‘हात दे.’

इतके महिने हे दोन शब्द मी तिला म्हणत होते. मी हात पुढे केला. तिने राणी आडवी करून माझ्या पालथ्या हातावर ठेवली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. राणीचा दंड कुठे संपतो आणि माझी कातडी कुठे सुरू होते, ते मला दिसेना.

‘खुर्चीत बसल्यापासून बघतेय तुला,’ ती म्हणाली. ‘सोपं नाही हं. पाच वॉश लागले.’

ती थट्टा करत नव्हती, हे मला आज कळतं. तिने मला माणसांत बसवलं होतं. राणी केलं होतं. पण तेव्हा मी फक्त रंग बघत होते. डाळीचं पीठ, साय, आईचा ‘उजळ’, सगळं एका अंगठ्याएवढ्या बाहुलीने खोटं ठरवलं होतं. मला त्या रंगाची शिसारी आली. माझ्या रंगाची. तो राक्षसाच्या बाटलीपासून किती जवळ होता ते मला, रंग कालवणारीला, नीट दिसत होतं.

जिन्यावर मालकांच्या चपला वाजल्या. मी उठले, टेबलापर्यंत गेले आणि राणी थिनरच्या डब्यात टाकली. आवाजही झाला नाही. साय फुटली आणि पुन्हा मिटली.

ती डब्याकडे बघत राहिली. ओरडेल, निदान एखादी शिवी तरी देईल असं मला वाटलं. पण ती अगदी हळू बोलली.

‘डोळे तरी बघायचेस गं आधी.’

मी डोळे बघितले नव्हते. अंग बघितलं, रंग बघितला, स्वतःचा हात बघितला. तिने केलेला तो पहिला चेहरा होता, मास्तरांच्या ब्रशने केलेला, आणि तो कसा होता हे मला माहीत नाही. मालक आत आले तेव्हा ती स्टुलावर बसून बूट रंगवत होती.

शनिवारी ती आली, पण कामाला नाही. ब्रश तेवढे घेऊन गेली. सगळ्यांशी बोलली. मला ‘येते’ म्हणाली, जसं कुणालाही म्हणतात तसं. ती गेल्यावर मी चिमट्याने डबा ढवळून राणी बाहेर काढली. थिनरने आपलं काम चोख केलं होतं. चेहरा गुळगुळीत करडा. मी ती पुसली, वाळवली, ‘माणूस’ची बाटली उघडली आणि तिला गुलाबी केलं. डोळे काढले. ठीक होते डोळे. मग कापसात गुंडाळून खोक्यात भरली.

सोमवारी राक्षसांची नवी बाटली कालवायची होती. मी पुठ्ठ्यावर टिपका दिला, तो खोटा दिसत होता. मालक मागे उभे होते. त्यांनी टेबलावरून नजर फिरवली, स्टुलांवरच्या बायकांचे हात बघितले, आणि मग खाली बघून माझं मनगट उचललं. पकड ओलसर होती. त्यांनी स्वतः ब्रश घेतला, तोंडात घालून टोक काढलं, आणि माझ्या पालथ्या हातावर टिपका दिला.

‘थोडा उजळ आहे,’ ते म्हणाले. ‘पण चालेल. राक्षस जरा उजळला तर कोण बघतंय?’

टेबलावर कुणीतरी हसलं. मी हात मागे घेतला नाही. टिपका वाळेपर्यंत तो तसाच पुढे धरून बसले, आणि मग चिंधीसाठी डब्याकडे गेले.